ए.ए.ची मीटिंग शोधायची कुठे, आणि गेल्यावर करायचं काय?

प्रश्न विचारणारे गृहस्थ ४२ वर्षांचे आहेत. एमआयडीसीत सुपरवायझर, राहायला तालुक्याच्या गावी. रोज संध्याकाळी एक क्वार्टर, पगाराच्या आठवड्यात दोन. दोनदा दवाखान्यात ॲडमिट राहून दारू उतरवली आणि दोन्ही वेळा तीन महिन्यांच्या आत परत सुरू झाली. आता डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांखाली 'ए.ए. मीटिंग' एवढंच लिहून दिलंय. (ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना.) त्यांना विचारायचंय ते असं: मीटिंग शोधायची कुठे, तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर काय, हे ख्रिश्चन लोकांचं काही आहे का, किती दिवस जायचं, आणि बायकोला सोबत नेलं तर चालतं का.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पण त्याआधी मीच एक विचारतो: सध्या पिणं चालू आहे की बंद?

चालू असेल, तर उद्या सकाळपासून 'एकदम बंद' असं ठरवून थेट मीटिंगला जाऊ नका. रोज पिणाऱ्या माणसाने दारू अचानक तोडली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, झोप उडते, पोटात काही ठरत नाही. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जण भ्रमात जातात. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं हाका मारतात, ताप चढतो, वेळीच उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. दरवर्षी श्रावण लागला की असे पेशंट येतात. बाधा झाली म्हणून घरच्यांनी आधी देवऋषाकडे नेलेलं असतं. तुमची दारू दोनदा दवाखान्यात उतरवावी लागली आहे, म्हणजे तुम्ही याच धोक्यातले. डॉक्टरांकडे जा, ते काही दिवस गोळ्या देऊन हा काळ निभावून नेतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. पूर्वी फिट आली असेल तर ॲडमिटच व्हा. मीटिंगला त्याच आठवड्यात गेलात तरी चालेल, हात थरथरत असले तरी तिथे कुणाला नवल वाटत नाही. पण मीटिंग हा दारू उतरवण्याचा उपचार नव्हे.

आता तुमच्या दोन्ही वेळच्या तीन महिन्यांविषयी. दवाखान्यात शरीरातली दारू निघाली. घरी आलात, कामावर गेलात, आणि रोज संध्याकाळी साडेसहाला तेच स्टँड, तोच परमिट रूमचा बोर्ड, तेच मित्र. त्या दोन तासांत तुम्हाला जायला दुसरी जागा नव्हती आणि फोन करायला दुसरा माणूस नव्हता. मीटिंग नेमकी एवढंच देते. ती बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सात-साडेसातला असते, म्हणजे ऐन पिण्याच्या वेळेला. आणि तिथे अशी चार माणसं भेटतात ज्यांना तुम्ही 'आज फार ओढ लागलीये' असं म्हणालात तर ती उपदेश करत नाहीत, 'कुठे आहेस? तिथंच थांब' म्हणतात. तिथली भाषणं, पुस्तकं, दारूपासून दूर राहण्यासाठी टप्प्याटप्प्याने करायच्या बारा 'पायऱ्या' यांचं महत्त्व आहेच. पण पहिल्या तीन महिन्यांत माणूस टिकतो तो या चार फोन नंबरांवर, असं माझं ठाम मत झालंय.

ए.ए.ची सुरुवातही एका फोनपासूनच झाली. १९३५ च्या मे महिन्यात बिल डब्ल्यू. नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला होता. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने तिथल्या चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली, आणि मागणी एकच: बोलायला एखादा दारुडा मिळवून द्या. त्यातून त्याची गाठ डॉक्टर बॉब या सर्जनशी पडली. दोघे तासन् तास बोलले. बॉब नंतर एकदा घसरलाही, पण १० जून १९३५ ला तो शेवटचं प्यायला, आणि तोच दिवस ए.ए.चा स्थापना दिवस मानला जातो. भारतात ही चळवळ १९५७ पासून आहे. मुंबईत तर आठवड्याच्या कुठल्याही वारी, कुठल्या ना कुठल्या उपनगरात मीटिंग सापडते.

मीटिंग शोधायची कुठे?

ए.ए. इंडियाच्या संकेतस्थळावर शहरानुसार गटांची यादी आणि संपर्काचे नंबर आहेत. तिथून सुरुवात करा, पण यादीवर विसंबून थेट जाऊ नका. आपल्याकडे बऱ्याच मीटिंगा महापालिकेच्या शाळेतल्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात किंवा सरकारी दवाखान्याच्या एखाद्या खोलीत भरतात. दिवाळीची सुट्टी लागली, निवडणुकीसाठी शाळा ताब्यात गेली, हॉलमध्ये लग्न निघालं, की जागा आणि वेळ बदलते, आणि यादीत ते महिनोन् महिने चढत नाही. पहिल्यांदा मोठ्या धीराने गेलेला माणूस कुलूप बघून परत फिरला, तर तो थेट कुठे जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून आधी फोन.

फोनवर काय बोलायचं याचा लोकांना उगाच संकोच वाटतो. 'मला दारूचा त्रास आहे, मीटिंगला यायचंय' एवढं वाक्य पुरतं. पलीकडे कारकून नसतो, दारू सोडलेलाच कुणीतरी असतो. नाव सांगायची सक्ती नसते. पुढचं वाक्य मात्र जरूर बोला: 'मी पहिल्यांदाच येतोय, कुणी बाहेर भेटेल का?' शाळेच्या फाटकाशी एक माणूस तुमची वाट बघत उभा आहे, एवढ्याने फार फरक पडतो. १९८१ मध्ये अमेरिकेत जेमतेम २० लोकांवर एक अभ्यास झाला होता. निम्म्यांना मीटिंगचा पत्ता आणि वेळ देऊन 'जा' म्हणून सांगितलं. उरलेल्यांच्या बाबतीत समुपदेशकाने त्यांच्यासमोरच एका ए.ए. सदस्याला फोन लावून दिला, आणि त्या सदस्याने सोबत न्यायचं कबूल केलं. पहिल्या गटातलं कुणीही मीटिंगला गेलं नाही, दुसऱ्या गटातले सगळे गेले. अभ्यास लहान आहे, पण रोज समोर जे दिसतं त्याच्याशी तंतोतंत जुळतो. तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले ते बरोबरच लिहिले, पण आता परत जा आणि त्यांना किंवा तिथल्या सोशल वर्करला म्हणा, 'माझ्यासमोर कुणाला तरी फोन लावून द्या.' जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि कुठलंही जुनं व्यसनमुक्ती केंद्र यांच्याकडे दोन-चार जुन्या सदस्यांचे नंबर असतातच.

हे जमलं नाही तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. १४४१६ ही 'टेली-मानस', मानसिक आरोग्यासाठीची, तिथे मराठीतही बोलता येतं.

एक सावधगिरी. मोबाइलवर 'दारू सोडवणे' किंवा 'ए.ए. मीटिंग' शोधलंत की वर जाहिराती येतात, आणि त्यातल्या पुष्कळ खासगी केंद्रांच्या असतात. काही केंद्रं चांगली आहेत, काहींचा धंदा आहे. ओळखायची खूण सोपी आहे: ए.ए.मध्ये फी नसते, ॲडमिशन नसतं, पॅकेज नसतं, आणि घरी गाडी पाठवून कुणाला उचलून नेत नाहीत. मीटिंगच्या शेवटी एक डबा किंवा पिशवी फिरते, त्यात सदस्य दहा-वीस रुपये टाकतात. खोलीचं भाडं आणि चहा त्यातूनच निघतो. नवीन माणसाने काही टाकलं नाही तरी चालतं. बाहेरच्या कुणाकडून ए.ए. देणगी घेतच नाही, आमदारांकडूनही नाही आणि कंपनीच्या सीएसआरमधूनही नाही.

तालुक्याच्या गावी मीटिंग नसेल, ही तुमची खरी अडचण. जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोन-तीनदा असते, पण ती संपेपर्यंत साडेआठ होतात आणि शेवटची एसटी निघून गेलेली असते. यावर लोक काय करतात ते सांगतो. रविवारी सकाळची मीटिंग कुठे आहे का ते बघतात, ती असली तर प्रश्नच मिटतो. नसेल तर आठवड्यातून एक वार धरून मोटारसायकलवर जातात, बहुधा त्याच रस्त्यावरचा दुसरा एखादा सदस्य सोबत मिळतो. उरलेल्या दिवशी ऑनलाइन. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्या मीटिंगा झूमवर गेल्या आणि त्यातल्या काही तिथेच राहिल्या. मराठीतूनही चालतात. आखातात किंवा अमेरिकेत नोकरीला असलेली आपली माणसंही त्यांत सापडतात. तिथे इंग्रजी मीटिंगा भरपूर असल्या तरी बापाने मारलेलं आणि आईने लपवलेलं मराठीतच सांगता येतं म्हणतात. ऑनलाइनचा उपयोग मी नाकारत नाही, पण फक्त ऑनलाइनवर राहू नका. कॅमेरा बंद करून, हातात ग्लास घेऊन मीटिंग 'अटेंड' करणारे आहेत. समोरासमोर बसल्यावर शेजारच्याला वास येतो, आणि तेच हवं असतं.

आणि गावात तुमच्यासारखा दुसरा एक जण सोडायच्या मनःस्थितीत असेल, तर दोघांनी बसलात तरी ती मीटिंग होते. ए.ए.च्या परंपरेतच तसं आहे, परवानगी कुणाची काढावी लागत नाही. पण हा उद्योग पहिल्याच महिन्यात करू नका. आधी चालू गटात बसून पद्धत अंगवळणी पडू द्या.

ओळखीचं कुणी भेटलं तर?

भेटेल. आपल्या भागात दोन तालुके ओलांडल्यावरही पाहुणेरावळे निघतात. तो जो कुणी असेल, तो तुमच्याच कारणाने तिथे आलेला असेल. शिवाय खरं सांगायचं तर तुमचं पिणं अजून गुपित आहे असं फक्त तुम्हालाच वाटतंय. परमिट रूममधून बाहेर पडताना, गाडी ढकलत नेताना गावाने तुम्हाला पाहिलेलंच आहे. लाज वाटते ती पिण्याची नाही, सोडायला जातोय हे दिसण्याची, आणि हे अगदी सगळ्यांचंच होतं.

तरीही गुप्ततेबद्दल भाबडं राहू नका. 'इथे जे ऐकलं ते इथेच ठेवा' हा नियम सांगितला जातो आणि बहुतेक लोक तो कसोशीने पाळतात. पण तो सदस्यांनी आपसात पाळायचा संकेत आहे, वकिलाशी किंवा डॉक्टरशी बोलण्याला असतं तसं कायद्याचं संरक्षण त्याला नाही. कंपनीतली भानगड, पैशाची अफरातफर, घराबाहेरचे संबंध, यांतलं काही मनावर असेल तर ते भर मीटिंगमध्ये सांगू नका. ते पुढे स्पॉन्सरला, म्हणजे तुम्हाला हाताशी धरणाऱ्या जुन्या सदस्याला, किंवा समुपदेशकाला एकट्याला सांगा. मीटिंगमध्ये दारूविषयी बोलणं पुरेसं असतं.

मीटिंग दोन प्रकारची असते. बंद मीटिंगला फक्त दारू सोडू पाहणारे बसतात. खुल्या मीटिंगला घरचे, विद्यार्थी, डॉक्टर, कुणीही येऊ शकतं. ओळखीची धास्ती असेल तर बंद मीटिंगपासून सुरुवात करा.

पहिल्या संध्याकाळी काय होतं?

दहा मिनिटं आधी पोचा. चौथीच्या वर्गातल्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली पन्नाशीची माणसं दिसतील, फळ्यावर बेरीज-वजाबाकी तशीच असेल. रिक्षावाले, बँकेतले, निवृत्त फौजदार, एखादा प्राध्यापक. हजेरीपट नसतो, फॉर्म नसतो. क्षणभर शांतता, प्रार्थना, मग ए.ए. म्हणजे काय ते वाचून दाखवतात, बारा पायऱ्या वाचतात. नवीन कुणी आहे का विचारतात. हात वर करायचा की नाही ही तुमची मर्जी, पण केलात तर चांगलं, कारण मीटिंग संपल्यावर लोक आपणहून तुमच्याकडे येतात. मग एकेक जण उठून बोलतो: मी अमुक, मी मद्यपी आहे. आधी काय होतं, काय घडलं, आता कसं आहे. मध्ये कुणी बोलत नाही, नंतर कुणी सल्ला देत नाही. तुम्हाला बोलायला सांगितलं तर 'आज फक्त ऐकतो' म्हणा, कुणी आग्रह करणार नाही. 'मी मद्यपी आहे' हे म्हणायचीही सक्ती नाही. सदस्य व्हायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. तीसुद्धा सोडायची इच्छा, सोडलेली असण्याची नाही.

ऐकताना एक खोड प्रत्येक नवीन माणसाला असते. बोलणारा म्हणतो, बायकोचे दागिने विकले, नोकरी गेली, फूटपाथवर झोपलो. आपण मनात म्हणतो, मी कुठे एवढा? माझी नोकरी आहे, श्रावण मी कडक पाळतो, म्हणजे माझ्या हातात आहे. श्रावणातला हिशेब मी जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून ऐकलाय. महिनाभर सोडता येते याचा पुरावा म्हणून तो सांगितला जातो, आणि नारळी पौर्णिमेपासून दिवस मोजत होतो हे गाळलं जातं. बोलणाऱ्याचं नुकसान तुमच्यापेक्षा जास्त आहे का, हे मोजू नका. तो पहिल्या पेगनंतर थांबू शकत नव्हता ते तुमच्यासारखं आहे का, एवढंच बघा.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं. मीटिंग संपली की पळू नका. चहा घ्या. फाटकाशी, गाड्यांपाशी पंधरा-वीस मिनिटं जी घुटमळ चालते तिथे खरा व्यवहार होतो. पहिल्या दिवशी दोन नंबर घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाला विनाकारण फोन करा. विनाकारण यासाठी, की ज्या दिवशी ओढ लागेल त्या दिवशी अनोळखी माणसाला पहिला फोन करणं कुणालाच जमत नाही. आधी दोन-तीनदा 'सहज केला' झालेलं असलं, तर त्या दिवशी बोट आपोआप तिथे जातं.

गट आवडला नाही तर? शक्य आहे. एखाद्या गटात एकच ज्येष्ठ सदस्य अर्धा तास बोलतो, कुठे नुसती वाचनं चालतात, कुठे आपसात कुरबुरी असतात. एका मीटिंगवरून ए.ए.बद्दल मत बनवू नका, निदान सहा मीटिंगा करा, त्याही दोन-तीन वेगवेगळ्या गटांत. मग एक गट आपला म्हणून धरा. तिथे खुर्च्या लावणं किंवा चहा आणणं असं लहानसं काम मागून घ्या. ज्याच्याकडे चहाची जबाबदारी आहे तो माणूस मीटिंग सहजासहजी बुडवत नाही.

साधारण महिन्याभरात स्पॉन्सर बघा. म्हणजे तुमच्या आधी काही वर्षं दारू सोडलेला, पायऱ्या करून झालेला सदस्य, जो तुम्हाला हाताशी धरेल. पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री. फार छान बोलतो म्हणून निवडू नका. फोन उचलतो का, आणि घरी त्याचं बरं चाललंय का, हे बघा. उसने पैसे मागणारा, विमा किंवा साखळी-योजना विकणारा, 'डॉक्टरच्या गोळ्या बंद कर' म्हणणारा, या तिघांपासून लांब राहा.

गोळ्यांचं थोडं अधिक सांगायला हवं. काही जुने सदस्य गोळ्यांकडे तुच्छतेने बघतात, 'गोळी खाऊन सोडली ती काय सोबरायटी' म्हणतात. ए.ए.ची स्वतःची भूमिका तशी नाही. कुठल्याही सदस्याने डॉक्टर बनू नये असंच त्यांचं साहित्य सांगतं. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांनी ओढ कमी व्हायला मदत होते. नैराश्याची औषधं चालू असतील तर ती मीटिंगमधल्या कुणाच्या सांगण्यावरून तोडणं धोक्याचं आहे. डायसल्फिराम ही वेगळी गोळी: ती घेऊन दारू प्यायलात तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. स्वतःच्या मर्जीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर काहींना चांगली साथ देते. पण 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती बघून चहात, भाजीत गुपचूप कालवायचा जो प्रकार घरोघर चालतो, त्यात माणूस दगावू शकतो. तुमच्या घरच्यांनाही हे वाचायला द्या.

हे ख्रिश्चन लोकांचं आहे का?

शंका का येते ते कळतं. उगम अमेरिकेतला, मुंबईत, वसईत, गोव्यात बऱ्याच मीटिंगा चर्चच्या आवारात, आणि पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख वारंवार. पण ए.ए. कुठल्याही धर्माशी जोडलेली नाही. पायऱ्यांत 'आम्हाला समजलेला ईश्वर' असं म्हटलंय, आणि तो कुणी कसा समजायचा हे ज्याच्या त्याच्यावर सोडलंय. मी पाहिलेल्या गटांत गळ्यात तुळशीची माळ असलेले वारकरी आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, आणि 'माझा गट हीच माझ्यापेक्षा मोठी शक्ती' असं म्हणणारे पक्के नास्तिकही आहेत. जमिनीवर पाय ठेवून विचार करणाऱ्या नास्तिकाला पहिले काही आठवडे प्रार्थना टोचते, हे मान्य. ती दोन मिनिटांची असते, तेवढा वेळ गप्प उभं राहिलं तरी कुणी विचारत नाही.

माळ घालून, बैठकीला जाऊन, देवापुढे शपथ घेऊन दारू सुटलेली माणसं महाराष्ट्रात भरपूर आहेत आणि मी त्यांना कधी नावं ठेवत नाही. तिथेही दर आठवड्याची बैठक, नवी संगत आणि संध्याकाळचा भरलेला वेळ मिळतोच. अडचण होते ती माळ तुटल्यावर. शपथ मोडली की माणूस लाजेने त्या माणसांनाच तोंड दाखवत नाही. ए.ए.मध्ये घसरून परत आलेल्याला पहिल्या रांगेत बसवतात. तुम्ही दोन्ही करू शकता, एकाने दुसरं बाद होत नाही.

ए.ए. पचलीच नाही, तर दुसरे मार्ग आहेत. पुण्याचं मुक्तांगण, १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, आणि मुंबईची कृपा फाउंडेशन, फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलेली, यांच्याकडे उपचारानंतरचा पाठपुरावा असतो. मुक्तांगणच्या पाठपुरावा सभा महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत होतात. त्या मराठीत असतात, समुपदेशक हजर असतो, घरच्यांनाही बसता येतं. तुमच्यासारख्याला कदाचित तिथे आधी मोकळं वाटेल. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. अशा देशात अमुकच दार बरोबर असा वाद घालणं मला परवडत नाही.

उपयोग होतो का, असंही तुम्ही विचाराल. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास, सुमारे साडेदहा हजार माणसं, यांचा आढावा घेतला. ए.ए. आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार दारू पूर्ण बंद ठेवण्यात इतर मान्य मानसोपचारांच्या तोडीचे, आणि काही बाबतींत त्यांच्यापेक्षा सरस ठरले. यातला 'जोडून देणारे' हा भाग विसरू नका. नुसत्या पत्त्याचा तो परिणाम नव्हता.

पत्नीला नेणं: खुल्या मीटिंगला जरूर न्या. बंद मीटिंगला नाही. पण राखणदार म्हणून नको, म्हणजे तुम्ही खरंच गेलात की नाही हे बघायला दाराशी बसवायचं नाही. त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे. ॲल-ॲनॉन ही मद्यपींच्या घरच्यांची संघटना १९५१ पासूनची, मोठ्या शहरांत तिच्या मीटिंगा असतात. मुक्तांगणचा 'सहचरी' गट खास बायकांसाठी. तुम्ही मीटिंगला आला नाहीत तरी त्या एकट्या जाऊ शकतात. किंबहुना माझ्या पाहण्यात कित्येक घरांत आधी बायको गेली आणि वर्षभराने नवरा. बाटल्या शोधणं, कंपनीत 'ताप आलाय' म्हणून फोन करणं, दुकानदाराची उधारी भागवणं, हे थांबवायचं बळ त्यांना तिथून मिळतं.

स्वतः पिणाऱ्या स्त्रियांसाठी दोन वाक्यं, कारण त्या विचारत नाहीत. मिश्र गटात एकटीने जाणं अवघड वाटतं, म्हणून फोनवरच स्त्री सदस्याचा नंबर मागावा. मुक्तांगणचा 'निशिगंध' हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे.

किती दिवस? अमेरिकेत पहिल्या ९० दिवसांत ९० मीटिंगा करायची प्रथा आहे. मुंबईत ती जमते, तुम्हाला जमणार नाही. पहिले तीन महिने आठवड्याला एक किंवा दोन प्रत्यक्ष, बाकीच्या संध्याकाळी ऑनलाइन किंवा निदान एक फोन, एवढं धरा. वर्षभर हे चालू ठेवा. त्यानंतर कमी करायचं का ते तेव्हा बघू. वर्षानुवर्षं येणारे सदस्य तुम्हाला दिसतील आणि 'मग ही सुटका कसली' असा प्रश्न पडेल. त्यातले निम्मे तरी तुमच्यासारख्या नव्या माणसासाठी येतात.

घसरलात तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी मीटिंगला या. प्यायलेल्या अवस्थेत आलात तरी आत घेतात, फक्त बोलू नका, गोंधळ करू नका. डॉक्टर बॉबचं उदाहरण वर आलंच आहे. मात्र पुन्हा सलग काही दिवस पिणं झालं असेल, तर वर लिहिलेला थरथरीचा आणि फिटचा धोका नव्याने लागू होतो, आधी डॉक्टर.

अवघड दिवस कुठले हे कॅलेंडरवर आत्ताच मांडून ठेवा: गटारी, विसर्जन, गावची जत्रा, भावकीतल्या वराती, ३१ डिसेंबर, निवडणुकीचे आठवडे, आणि तुमच्या बाबतीत पगाराचा दिवस. पगार बायकोच्या खात्यात वळवता आला तर बघा. अशा दिवशी अनेक गट मुद्दाम जादा मीटिंग ठेवतात, ३१ डिसेंबरला तर बऱ्याच ठिकाणी रात्री उशिरापर्यंत. आधी विचारून ठेवा.

तुमची ड्यूटी फिरती असेल, तर सेकंड शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळची मीटिंग सुटणारच. त्या आठवड्यासाठी सकाळची ऑनलाइन मीटिंग शोधा, आणि रात्री शिफ्ट सुटल्यावर गेटपासून घरी पोचेपर्यंत बोलायला एक माणूस ठरवून ठेवा. मोटारसायकलवर असाल तर निघायच्या आधी बोला. गटात रात्रपाळीचे वॉचमन आणि रिक्षावाले असतात, अकरा वाजता फोन उचलणारे तेच. पहिल्या मीटिंगला गेलात की त्यांच्यापैकी कोण कोण आहे तेवढं चहाच्या वेळी विचारून घ्या.